गावचा कचरा काट्यावर: खेड्यातली आकडेवारी वर पाठवण्याआधी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालात देशात रोज १,६०,०३८.९ टन घनकचरा तयार होतो असं लिहिलं आहे. त्यातल्या ७९,९५६.३ टनांवर प्रक्रिया झाली, २९,४२७.२ टन भरावभूमीवर गेला आणि उरलेल्या ५०,६५५.४ टनांचा हिशेबच लागला नाही. आकडा दशांशापर्यंत नेमका, आणि जवळजवळ एक तृतीयांश माल बेपत्ता! हाही हिशेब प्रामुख्याने शहरांच्या अहवालांवर उभा आहे. खेड्यांसाठी सरकारी पुस्तिकांमधून वर्षानुवर्षं एकच अंदाज फिरतो: ग्रामीण भारतात रोज ३ ते ४ लाख टन. त्याला २०११ च्या जनगणनेतल्या सुमारे ८३ कोटी ग्रामीण लोकसंख्येनं भागलं तर माणशी ३६० ते ४८० ग्रॅम येतात. झरी-जामणीतल्या कोलाम पोडावर (आदिवासी वस्तीवर) आणि वरूडच्या संत्र्याच्या मोठ्या गावात हाच आकडा लावायचा का? लावला जातो, कारण स्वतःचा आकडा कोणाकडे नसतो.

पुढे जे दिलं आहे ते एका गावात आठ दिवसांत, तीन-चार माणसांत आणि फारशा खर्चाशिवाय होण्यासारखं आहे. बचतगटातल्या बाया, ग्रामपंचायतीचा सफाई कामगार, संगणक परिचालक आणि पंचायत समितीचा समूह समन्वयक एवढी मंडळी पुरतात.

कचरा कशाला म्हणायचं, ते आधी ठरवा

खेड्यात पहिली चूक इथेच होते. भाजीची देठं, शिळी भाकर, पिठाचा कोंडा हे गोठ्यात गेलं तर तो कचरा नाही, चारा आहे. शेण उकिरड्यावर (कुठे उकंडा म्हणतात) पडून शेतात जातं, ते खत आहे. पऱ्हाटी (कपाशीची सुकी झाडं), तुराट्या, सोयाबीनचं कुटार, भंडारा-गोंदियाकडचा धानाचा तणस हा शेतीतला अवशेष. त्याची नोंद वेगळी, घरगुती कचऱ्यात तो मिसळायचा नाही. एका घराच्या पोत्यात चुकून पऱ्हाटीची पेंढी आली तर त्या घराचं आठवड्याचं वजन दुप्पट होतं.

नियम साधा ठेवा. घरातल्या माणसानं जे टाकून दिलं आणि ज्याचा त्या घरात पुढे उपयोग नाही, ते पोत्यात. जे घरच्या घरी जिरलं त्याचं वजन नको, पण वहीत ‘गोठ्यात’, ‘चुलीत’, ‘उकिरड्यावर’ अशी खूण हवी. ही खूण नसली तर पुढे दोन गावांची तुलना करताना गोठेवालं गाव उगाच स्वच्छ दिसतं.

गावांची यादी जुळवा

कंटाळवाणं काम आहे, पण वर गेलेला आकडा इथेच सर्वाधिक फसतो. महसुली गाव म्हणजे मौजा, आणि ग्रामपंचायत म्हणजे मौजा नव्हे. गट ग्रामपंचायतीत तीन-चार मौजे असतात. सरकारी पोर्टलवर नोंद गावनिहाय मागतात आणि वजन ग्रामपंचायतीचं असतं, मग कोणीतरी तो आकडा मोठ्या गावाच्या नावावर टाकून मोकळं होतं आणि बाकीची गावं कोरी राहतात. घंटागाडी दोन गावांत फिरत असेल तर फेऱ्या वेगळ्या लिहा.

विदर्भात आणखी एक गोष्ट आहे, रिठी गावं. कागदावर मौजा आहे, कोड आहे, पण वस्ती नाही. अशा गावापुढे शून्य लिहू नका. ‘रिठी, वस्ती नाही’ लिहा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. कोरं म्हणजे मोजलंच नाही. या दोन्हींची गल्लत झाली की तालुक्याची सरासरी खाली येते आणि का आली ते कोणालाच सांगता येत नाही.

आणि टोले, पोड, गुडे, तांडे? मुख्य गावापासून दोन किलोमीटरवर असलेल्या वस्तीत गाडी जात नाही, म्हणून ती मोजणीतूनही सुटते. यादी करतानाच तिला वेगळी ओळ द्या.

घरं निवडणं

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे आकारणीची नोंदवही, हा चांगला पाया आहे. मात्र तो तसाच वापरता येत नाही. त्यात रिकामे प्लॉट असतात, कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांची कुलूपबंद घरं असतात, एकाच घराच्या तीन भावांच्या तीन नोंदी असतात, आणि अतिक्रमणातली घरं बऱ्याचदा नसतातच. म्हणून आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन एक संध्याकाळ गावात फिरा आणि यादी दुरुस्त करा. त्याच फेरीत प्रत्येक घरापुढे ‘गोठा आहे / नाही’ एवढं लिहून ठेवा.

३५० घरांच्या गावात साधारण ४० घरं लागतात. दोन शेजारच्या घरांचा कचराही एकमेकांपासून निम्म्याने-दुपटीने वेगळा असतो. सरासरीत १५ टक्क्यांच्या आसपासची चूक चालवून घ्यायची असेल तर एवढा नमुना पुरतो. यादीतलं दर आठवं घर घ्या, ४३-४४ घरं होतात. दोन-चार घरं मध्येच गळतात, ती सोय यातच झाली. सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठी काढून ठरवा: १ ते ८ पैकी जो आकडा निघेल ते पहिलं घर. सरपंचाच्या घरापासून सुरुवात नको. रस्त्यालगतची, ओळखीची, ‘हो’ म्हणणारी घरं निवडली तर दुकानदार आणि नोकरदार जास्त येतात आणि प्लास्टिक फुगतं.

घराला क्रमांक द्या. नाव फक्त तुमच्या वहीत. वर जाणाऱ्या कागदात नाव नको.

सामान

लटकता डिजिटल काटा, ५० किलो क्षमतेचा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या, बॅटऱ्या यांसाठी स्वयंपाकघरातला ५ किलोचा, १ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. १२ बाय १२ फुटांची ताडपत्री, १०० लिटरचा ड्रम, २० लिटरच्या चार बादल्या, वाळू चाळायची साधारण १० मिलिमीटर छिद्राची चाळणी, चिमटे, जाड हातमोजे, गमबूट, मास्क, साबण. वर्गवारी करणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे ना, ते आरोग्य उपकेंद्रात विचारून घ्या. तुटक्या काचा आणि सुया निघतातच.

काटा रोज सकाळी तपासा. रिकामी कॅन लटकवून वजन लिहा, मग मापानं ५ लिटर पाणी भरा. फरक ५ किलो यायला हवा. ५० ग्रॅमपेक्षा जास्त तफावत आली तर आधी बॅटरी बदला, मग काटा.

आणि बारदाना वजा करा! बाजार समितीत कापूस-सोयाबीन मोजताना हे कोणाला सांगावं लागत नाही, इथे मात्र सगळे विसरतात. चांगला जाड कट्टा शंभर ग्रॅमच्या पुढे जातो. ज्या घरातून दिवसाला ६०० ग्रॅम कचरा निघतो तिथे ही थेट सहाव्या हिश्शाची चूक आहे. सगळ्या पिशव्या एकाच मापाच्या घ्या, दहांचं एकत्र वजन करून दहाने भागा आणि तो आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवा.

आठ दिवस

आदल्या दिवशी प्रत्येक घरी दोन पिशव्या द्या, ओली आणि सुकी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचला, पण त्यांचं वजन हिशेबात धरू नका. त्या पिशवीत साठलेला जुना माल असतो. मोजणी आहे कळल्यावर लोक माळा झाडतात, जुनी चप्पल काढतात. हा दिवस सोडून पुढचे सलग सात दिवस मोजा, म्हणजे आठवडी बाजाराचा दिवसही आपसूक त्यात येतो.

पिशव्या सकाळी ७ ते ९ मध्येच उचला आणि जागेवरच तोला. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. ओला कचरा दुपारपर्यंत अंगणात राहिला तर त्याचं पाणी उडून वजन घटतं आणि केळीची सालं चामड्यासारखी होतात. पावसाळ्यात उलट: पिशवी वळचणीखाली भिजली की पुठ्ठा पाणी पितो. म्हणून नोंदीत हवामानाचा रकाना ठेवा: कोरडं, पाऊस, भिजलेलं.

रोज प्रत्येक घरी एक प्रश्न विचारायचा असतो, काल रात्री घरात किती माणसं जेवली? लेक माहेरी आली असेल, घरधनी शेतावर जागलीला असेल. राशनकार्डावरची माणसं लिहून भागत नाही.

दुसरा प्रश्न जाळण्याचा. ‘कचरा जाळता का?’ असं विचारलं की ‘नाही जी’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मावशी, काल चूल पेटवायला काय घेतलं?’, ‘काकाजी, वाडीत काय काय जाळलं?’ असं विचारा. पॉलिथिनच्या पिशव्या, पुड्यांची वेष्टणं, फाटकं लुगडं असं सगळं मग बोलण्यात येतं. सॅनिटरी पॅडबद्दल बाईनेच बाईला विचारावं, आणि ती पुडी कधीही उघडू नये, बांधलेलीच तोलायची.

ताडपत्रीवर

दिवसभराच्या सगळ्या पिशव्या तोलून झाल्या की सुका माल आणि ओला माल वेगवेगळा पसरवा. चाळीसेक घरांचा एका दिवसाचा कचरा साधारण २५-३० किलो भरतो, तेव्हा तो सगळाच निवडता येतो. बाजाराचा किंवा गाडीचा मोठा ढीग असेल तर चतुर्थांश पद्धत वापरा: फावड्यानं नीट कालवा, गोल पसरवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग ठेवा आणि दोन काढून टाका. साधारण १०० किलो उरेपर्यंत हेच.

प्रकार फार वाढवू नका. अन्न व पालापाचोळा, कागद-पुठ्ठा, कबाडी घेतो ते प्लास्टिक, कबाडी घेत नाही ते प्लास्टिक, काच, धातू, कापड-चप्पल, सॅनिटरी व डायपर, घातक (बॅटरी, बल्ब, औषधं, सुया), आणि शेवटी माती-राख. प्लास्टिकचे असे दोन भाग मुद्दाम केले आहेत. त्याच्या रासायनिक प्रकारांचं धोरण मुंबई-दिल्लीत ठरेल. तालुक्याला एवढंच कळायला हवं की विकलं जाणारं किती आणि पडून राहणारं किती. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागे एका प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्या केंद्राचं यंत्र किती मोठं हवं ते याच रकान्यावर ठरायला पाहिजे.

माती-राख चाळणीने वेगळी काढाच. अंगण झाडून सुपलीभर धूळ पिशवीत जाते, चुलीची राख जाते. न चाळता ती ‘ओल्या’त धरली तर खत प्रकल्पाचा आकार चुकतो, कारण मातीचं खत होत नाही.

सगळ्या प्रकारांची बेरीज करा आणि निवडण्याआधीच्या वजनाशी ताडून पाहा. दोन-तीन टक्के घट चालते, ओलावा उडतो. दहा टक्के घट आली तर एखादी बादली तोलायची राहिली आहे.

काट्यावर न दिसणारं

पानठेल्यासमोरची जमीन पाहा. खर्ऱ्याची पन्नी वजनाला एक ग्रॅमही भरत नाही. ती घराच्या पिशवीत येत नाही, घंटागाडीत येत नाही. नालीच्या तोंडाशी, एसटी थांब्यावर, शाळेच्या कुंपणाला अडकते. वजनाच्या तक्त्यात तिचा हिस्सा शून्याजवळ दिसेल आणि नाली मात्र तिच्यामुळेच तुंबलेली असेल. तिची मोजणी नगांनी करायची. ठेल्यासमोर १० बाय १० फुटांचा चौकोन चुन्याने आखा, संध्याकाळी तो पूर्ण झाडून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पडलेल्या पन्न्या मोजा. शंभर पन्न्या एकत्र तोला म्हणजे नगाचं वजन मिळतं. प्रत्येक ठेल्यावर दोन दिवस पुरेत. ठेलेवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा झाडून ठेवतो.

फवारणीच्या बाटल्यांचंही तसंच. जुलै ते ऑक्टोबरात त्या घरी नव्हे, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), विहिरीच्या काठाला, नाल्यात असतात. घरगुती पिशवीत बाटली आलीच तर वर्गवारीत घेऊ नका. न उघडता वेगळी ठेवा, नग आणि मिलिलिटर लिहा. शेतातल्या बाटल्यांसाठी नमुन्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारा: या हंगामात किती फवारण्या झाल्या, रिकाम्या बाटल्या कुठे आहेत? आणि जमेल तिथे दोन-चार धुऱ्यांवर जाऊन मोजा. सांगितलेलं आणि पाहिलेलं हे दोन रकाने वेगळे.

हिशेब

समजा ४२ घरांत मिळून १७८ माणसं, सात दिवसांचं निव्वळ वजन १८७ किलो. १८७ ला (१७८ × ७ =) १,२४६ ने भागा: माणशी रोज ०.१५ किलो, म्हणजे १५० ग्रॅम. आधी प्रत्येक घराची माणशी सरासरी काढून मग त्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घराला दहा जणांच्या घराएवढंच वजन मिळतं आणि आकडा वाकडा होतो. गोठेवाल्या आणि बिनगोठ्याच्या घरांचा हिशेब वेगळा करा, मग गावातल्या त्यांच्या प्रमाणात जोडा.

१,५०० वस्तीच्या गावाला यातून रोज २२५ किलो आले. वरचा छापील अंदाज लावला असता तर किमान ५४० किलो आले असते, आणि दुप्पट मोठी शेड बांधून त्यात शेळ्या बसल्या असत्या.

आठवडी बाजाराचा कचरा, म्हणजे कोबीची पानं, मिरचीची देठं, पिशव्या, बाजार उठल्यावर वेगळा तोला आणि सातने भागा. २१० किलो निघाले तर रोजचे ३०. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची गाडी तोलून तिला तीसने गुणणं ही नेहमीची घोडचूक. लग्नाची आणि भंडाऱ्याची पंगत आली तर पत्रावळी, द्रोण, ग्लास यांची स्वतंत्र नोंद: जेवणारी माणसं आणि एकूण वजन. लग्नं किती झाली ते गावाला पाठच असतं.

गाडीत किती आलं हे मात्र पोत्यांवरून नाही, गाडीवरूनच काढा. धरमकाटा (अख्खी गाडी तोलणारा मोठा काटा) पाच-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ठीक, ८० किलोंच्या सायकलगाडीला निरुपयोगी. तिथे घनता काढा. ड्रम काठोकाठ भरा, १० सेंटिमीटर उचलून तीनदा आपटा, खाली बसलेली जागा पुन्हा भरा, तोला, ड्रमचं वजन वजा करा. १०० लिटरमध्ये २२ किलो भरले तर घनमीटरला २२० किलो. गाडीची पेटी १ घनमीटरची आणि पाऊण भरलेली असेल तर १६५ किलो. गाडी भरलेली दिसते म्हणून ‘एक टन’ लिहिण्याची सवय याच एका गणिताने मोडते.

घरातून निघतो २२५ आणि गाडीत येतो १६५, तर मधले ६० किलो कुठे? उकिरडा, जाळ, नाला, कबाडी. कबाड्याला महिन्याचं वजन विचारा, त्याच्याकडे चिठ्ठ्या असतात. उरलेल्याला ‘हिशेब लागला नाही’ असंच लिहा. तो आकडा लपवण्यासाठी संकलन वाढवून दाखवू नका.

प्रक्रियेचा आकडा तपासताना

इथे क्षमता आणि काम यांची सर्रास अदलाबदल होते. नाडेपचंच घ्या, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काढलेली खताची पद्धत, म्हणजे आपल्या घरचीच. १० × ६ × ३ फुटांच्या टाक्यात एका भरणीला साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा बसतो, आणि खत व्हायला तीन ते चार महिने लागतात. म्हणजे एक टाकं रोज सरासरी १२ ते १६ किलो पचवतं. दोन टाकी असलेल्या गावाच्या अहवालात ‘रोज २०० किलो ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया’ दिसलं तर तो आकडा टाक्यात मावतच नाही. भरणीची तारीख, खत काढल्याची तारीख, काढलेलं वजन हे तीन रकाने टाक्याच्या भिंतीवरच रंगवून घ्या.

सुक्याचं उलट होतं, तोच माल दोनदा मोजला जातो. ग्रामपंचायत म्हणते ४० किलो प्लास्टिक दिलं, तालुक्याचं केंद्र म्हणतं ४० किलो घेतलं, जिल्ह्यात बेरीज ८०. देणाऱ्याने ‘पाठवले’ आणि घेणाऱ्याने ‘प्रक्रिया’ याच रकान्यात लिहायचं, आणि दोघांकडे एकाच क्रमांकाची पावती हवी.

वर पाठवताना

आपल्याकडे बोलणं क्विंटलमध्ये चालतं, पोर्टल टन मागतं. २.२५ क्विंटल म्हणजे ०.२२५ टन, एका दशांश चिन्हात गाव दहापट घाण होतं. तुमची वही कायम किलोत ठेवा आणि रूपांतर एकाच माणसानं, शेवटी, एकदाच करावं. रोजचं की वर्षाचं, तेही प्रत्येक आकड्यापुढे लिहा. लोकसंख्या २०११ ची की आजची, ते लिहा.

शेऱ्याचा रकाना कोरा सोडू नका. ‘मोजलेलं, मे, ४२ घरं’ किंवा ‘अंदाज, शेजारच्या गावावरून’ एवढं पुरे. अंदाज लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाजाला मोजमाप म्हणण्यात आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही घेण्याआधी दुसऱ्या माणसाकडून दर दहा पिशव्यांमागे एक पुन्हा तोलून घ्या आणि दोन्ही वजनं वहीत राहू द्या, खोडायची नाहीत.

फेऱ्या वर्षात किमान दोन: एक मेमध्ये, लग्नसराईत, दुसरी पोळा-गणपतीच्या सुमाराला, ओल आणि फवारणी दोन्ही सापडतात. माणसं मिळाली तर तिसरी नोव्हेंबर-डिसेंबरात, वेचणी चालू असताना. त्या दिवसांत घरं दिवसभर बंद असतात, पिशव्या सकाळी ६ लाच उचलाव्या लागतात. तीच घरं, तोच काटा, तेच प्रकार. आणि तपासणी समिती येणार असेल त्या आठवड्यात मोजमाप ठेवू नका; त्या आठवड्यात गावात कचरा नसतोच.